बावीस पावलांवरचं झाकण

मी झाकण आहे. ओतीव लोखंडाचं, गोल, चार बोटं जाड. पाठीवर पाय घसरू नये म्हणून चौकटींची नक्षी आणि दोन बाजूंना दोन कड्या. चौघांनी जोर लावला तरच जागचा हलतो. फार शिकलेलो नाही. उभा जन्म एका भोकावर बसून काढला, शिकणार कुठून? पण नाकाला जे कळलं ते कळलं. हळूहळू सांगतो. घाई असेल त्यानं खुशाल पुढं जावं.

मला घडवलं त्या ओताऱ्यानं साच्यातून काढून उताणा टाकला आणि म्हणाला, "ह्याच्या नशिबी काही चांगलं नाही. घाणीवर बसायचं."

त्याचा जोडीदार कानशीने माझी कड घासत होता. तो म्हणाला, "मग तर कड नीट पाहिजे. घाणीवर बसणाऱ्याची बैठक पक्की हवी, नाहीतर गाव नासतं."

त्याने माझी कड दोनदा घासली. त्याचे उपकार मी विसरलो नाही.

मला नेलं ते कातडी कमावायच्या कारखान्यात. तेव्हा तो शहराच्या कडेला होता. आता तिथं शहराचं पोट आलंय. गाड्या भरून मीठ लावलेली कातडी यायची. आधी चुन्याच्या हौदात भिजायची, की केस झडायचे. मग ओंडक्यावर टाकून दोन मुठींच्या वाकड्या सुरीने माणसं त्यावरची चरबी खरवडायची. मग लाकडी ढोल. माणसाच्या दुप्पट उंचीचे, आडवे, दिवसभर घरघर फिरायचे. त्यांत औषधाचं पाणी. पांढरं कातडं आत जायचं, निळं होऊन बाहेर यायचं. आणि ते उरलेलं निळं पाणी, चुन्याचा गाळ, केसांचे पुंजके, चरबीचे लिबलिबीत गोळे, सगळं एका पाइपातून एका खड्ड्यात जायचं. खड्डा तीन पुरुष खोल. त्याच्या तोंडावर मी.

वास कसा होता ते सांगू नये. सडक्या अंड्यांवर कुणी ओलं कुत्रं बसवलं असेल, असा होता म्हणा. कामगारांच्या बायका त्यांना उंबऱ्याबाहेर अंगावर पाणी ओतल्याशिवाय घरात घेत नसत. फाटकासमोरून बडे लोक नाकाला रुमाल लावून जायचे. मी त्यांच्या पायांकडे बघायचो. पायांत आमचंच कातडं, चकचकीत. तोंड फिरवायचं आमच्याकडून आणि चालायचं आमच्यावर. माणसाच्या ह्या खोडीची मला पहिल्यापासून शिसारी.

कारखान्यातल्या माणसांची मात्र कधी वाटली नाही. त्यांच्यात एक मुकादम होता. कमी बोलायचा. संध्याकाळी जाताना माझ्या कडेवरचा चिखल चिंधीने पुसायचा आणि म्हणायचा, "बस गड्या, दाबून बस." लोखंडाला कुणी गडी म्हणतं का? तो म्हणायचा.

एकदा पाइप तुंबला. मुकादम फाटकापाशी गाडी उतरवून घेत होता. नुकतं लग्न झालेला एक सुरीवाला, हाताला चपळ, डोक्याने उतावळा. "त्यात काय, आत्ता काढतो," म्हणत त्याने तिघांना घेऊन मला बाजूला सारलं आणि लगेच दोर धरून आत उतरला. खड्ड्यात कोंडलेली हवा वर यायला वेळ लागतो. ती बाहेर जायच्या आधी खाली उतरणाऱ्याला दुसरा श्वास मिळत नाही. त्याला मिळाला नाही.

मुकादम धावत आला. तोंडाला ओलं फडकं बांधून खाली गेला. सुरीवाल्याच्या कमरेला दोर बांधून त्याला वर पाठवलं, तेव्हा तो गेलेलाच होता. मुकादम स्वतः वर येता येता चक्कर येऊन माझ्या कडेवर आदळला आणि परत आत कोसळला. वरच्यांनी कमरेच्या दोराने ओढून काढला म्हणून वाचला, पण डावा पाय मांडीपासून गेल्यासारखाच झाला. त्यानंतर तो जन्मभर उजवं पाऊल पुढं टाकायचा आणि डावं ओढत त्याच्या बरोबरीला आणायचा. धडक्या माणसाच्या एका पावलात त्याची दोन व्हायची. त्या दिवशीच्या ओढाताणीत दगडावर आपटून माझ्या कडेचा उडालेला टवका अजून तसाच आहे.

दवाखान्यातून आल्यावर त्याने दोन नियम घातले. पहिला ठोक्यांचा. मला उघडायच्या आधी लोखंडी सळईने माझ्यावर तीन ठोके. पहिल्याला विड्या विझवायच्या, दुसऱ्याला सगळ्यांनी बाजूला व्हायचं, तिसऱ्यानंतर मला सरकवायचं आणि मोठ्याने शंभर मोजायचे. तोवर कुणी वाकूनसुद्धा बघायचं नाही. दुसरा नियम पावलांचा. माझ्यावर रोज केसांचा नाहीतर चुन्याचा ढीग पडायचा आणि कुणी वर हातगाडी उभी करून ठेवायचा. म्हणून मुकादम कारखान्याच्या धुराच्या उंच चिमणीच्या दाराला पाठ लावून उभा राहायचा आणि उगवतीकडे चालत यायचा. बावीस पावलं. बाविसाव्याला सळई टेकवायची, की ती माझ्यावरच.

तसं त्या कारखान्यात सगळंच त्याच्या पावलांनी मोजलं जायचं. दोन ढोलांमध्ये चार पावलं, वाळवणाची दोरी तीस पावलं. कुणी गज घेतला नाही, फूट मोजले नाहीत. 'पाऊल' म्हटलं की मुकादमाचं, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. आणि जे सांगावं लागत नाही ते कुणी लिहूनही ठेवत नाही. तिथंच पुढं घात झाला.

मुकादमाची लेक दुपारी डबा घेऊन यायची. सात-आठ वर्षांची. बापाचं बोट धरायची आणि बापासारखाच एक पाय ओढत त्याच्या जोडीने चालायची. मुद्दाम नाही, बोट धरलं की पावलं जुळतातच. ढोलावरचा माणूस, त्याला सगळे ढोलवाला म्हणायचे, वरून ओरडायचा, "अगं ए, एक लंगडा पुरे आहे आम्हाला!"

ती उलट म्हणायची, "मग मी दुसरी!"

मुकादम हसायचा. त्याचं हसू मी तेवढंच पाहिलं.

पुढं मालकाच्या पोराने कारखाना बंद केला. खड्डा उपसून, गाळ लांब नेऊन, विषाची विल्हेवाट लावायची म्हणजे खर्च आणि कटकट. त्यापेक्षा त्याने मला उचलायला लावलं आणि खड्ड्याच्या तोंडात राख, विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या कोंबल्या. वरून माती लोटली. तीन ठोके नाहीत, मोजणी नाही. झालं गेलं मातीला मिळालं, म्हणाला. मिळतं का असं? पोटातलं पोटात ठेवून वर तोंड पुसलं म्हणजे पोट साफ होत नाही.

मी भंगारवाल्याच्या हातगाडीत मावलो नाही. मग मला फाटकासमोरच्या गटारावर आडवा टाकला. वर्षांमागून वर्षं तिथं पडून. कुत्री यायची, पाय वर करायची. येणारेजाणारे पचकन थुंकायचे. मुकादम म्हातारा झाला होता, तरी काठी टेकत यायचा. काठीने मला हळूच ठोकायचा. "गड्या, तू इथं आणि ते तिथं. जागा चुकली रे तुझी." मरायच्या आधी त्याने एका कागदावर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहून लेकीला दिलं: चिमणीच्या दारापासून उगवतीकडे बावीस पावलं. तिथं खाली विष आहे.

मग मोठमोठ्या इमारतींचे लोक आले. कारखाना पाडला. चिमणी तेवढी ठेवली, शोभेला. बांधकामाच्या आधी मातीची तपासणी करणारा साहेब आला. मुकादमाची लेक, आता तिचेही केस पिकलेले, तो कागद घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

"साहेब, माझे वडील इथं मुकादम होते. त्यांनी जागा लिहून दिली आहे. आधी तिथं खणा, मग काय ते बांधा."

साहेब भला माणूस असावा. त्याने आपल्या इंजिनियरला चिमणीपाशी पाठवलं. तो ताडमाड उंच. ढांगा टाकत निघाला. एक, दोन, तीन. मी गटारावर पडल्या पडल्या बघत होतो. दहाव्या ढांगेतच तो खड्ड्यावरून पार गेला. अरे थांब, अरे मागं ये, असं माझ्या लोखंडातून नुसतं उठत होतं. पण मला तोंड नाही.

तोंड असलेला एक तिथं होता. ढोलवाला. शेकडो वेळा त्याने मला उचललेलं. कुणाच्या पावलांची ती बावीस, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नव्या इमारतीच्या दारावर रखवालदाराची जागा त्याला कबूल झाली होती. तो जमिनीकडे बघत राहिला.

यंत्राने खणलं. पिवळी, स्वच्छ माती. अजून खणलं. पिवळीच.

बांधकामवाल्याचा माणूस फिदीफिदी हसला. "बाई, तुमच्या वडिलांना चकवा लागला असेल. की कागदावर लिहून आम्हाला घाबरवायचा विचार होता?"

"माझा बाप खोटं बोलायचा नाही."

"मग माती खोटं बोलते का?"

बाप लंगडत चालायचा हे तिला आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण जे जन्मभर डोळ्यांसमोर असतं, ते ध्यानात येत नाही. तिच्या लेखी बाप चालायचा, एवढंच. तिने कागदाची घडी घातली आणि निघाली. फाटकातून जाताना माझ्यावर पाय दिला आणि पुटपुटली, "तू तरी सांगायचंस." माती चांगली असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

इमारती उठल्या. एके दिवशी सजावट करणारी एक बाई मला बघून टाळ्या पिटायला लागली. मला घासलं, तेल चोळलं, आणि इमारतीच्या दर्शनी दालनात लोखंडी घोडीवर उभा केला. शेजारी दोन खुंट्यांवर आमची ती सळई, कुठून शोधली कुणास ठाऊक. खाली दिवा. बाजूला पाटी: 'श्रमाचा सुंदर वारसा'.

सुंदर! सुरीवाल्याला वर काढलं तेव्हाचं त्याचं तोंड ज्याने पाहिलंय, त्याला विचारा.

खरं सांगू, खड्ड्यावर बसून कधी मळमळलं नाही ते ह्या दालनात मळमळायला लागलं. छताला एक यंत्र होतं. थोड्या थोड्या वेळाने फुस्स करून फुलांचा खोटा वास सोडायचं. लोक येऊन माझ्याजवळ मान वाकडी करून फोटो काढायचे. एकाने माझ्या कडीत ओली छत्री अडकवली. एक म्हणाला, "काय जाड काम होतं ना पूर्वीचं!" दुसरा म्हणाला, "पूर्वीची माणसंच वेगळी." आणि त्यातलीच एक वेगळी माणूस त्यांच्यासमोरून रोज त्यांची लेकरं कडेवर घेऊन जायची, तिला ते लिफ्ट वापरू देत नव्हते. तिच्यासाठी मागचा जिना.

ती मुकादमाची लेक. ह्याच इमारतीत मुलं सांभाळायच्या कामाला लागली होती. सगळे मावशी म्हणायचे. तिच्याकडे चार वर्षांची एक पोर होती, तिला ती पिटुकली म्हणायची. रोज दुपारी पिटुकलीला ती दालनातून बाहेरच्या वाळूच्या हौदावर खेळायला न्यायची. जाताना माझ्या टवक्यावर एकदा बोट फिरवायची. काचेच्या भिंतीतून मला सगळं दिसायचं: हिरवळ, हिरवळीत चिमणी, चिमणीपासून थोड्या अंतरावर तो वाळूचा हौद. माझी जागा. हौदात अनवाणी पोरं. मी लोखंड आहे, तरी मला घाम फुटायचा.

पावसानंतर जमीन आतून पाझरायला लागली. पिटुकलीच्या तळपायाला आधी खाज आली, मग फोड, मग फोडांच्या जखमा. डॉक्टरने मलम दिलं. आई म्हणाली, नवे बूट चावत असतील. आणखी दोन पोरांचे पाय असेच झाले. सगळ्यांना बूटच चावले.

त्या दुपारी पिटुकली चिमणीजवळ उभी होती. मावशी हौदाच्या काठावर. "ये गं बाई माझी," तिने हाक मारली. पोर निघाली. डावा पाय दुखत होता. उजवं पाऊल पुढं टाकलं, डावं ओढत बरोबरीला आणलं. उजवं पुढं. डावं ओढत.

मावशी बघतच राहिली. तिचा हात तोंडावर गेला.

मग ती उठली, पोरीला कडेवर घेतलं, चिमणीच्या दाराशी गेली आणि पाठ लावून उभी राहिली. आणि साठीची ती बाई, कडेवर पोर, एक पाय ओढत उगवतीकडे चालायला लागली. मोठ्याने मोजत. बाकड्यावरच्या दोन बायका हसल्या. "मावशी, कुणाची नक्कल चाललीये?" ती थांबली नाही. सतरा. अठरा. वाळूच्या काठावरून आत उतरली. एकवीस. बावीस. हौदाच्या बरोबर मध्ये.

ती तडक दालनात आली. तिथं इमारतीचा सेक्रेटरी, पिटुकलीची आई आणि आणखी काही जण बोलत उभे होते.

"खड्डा वाळूखाली आहे," ती म्हणाली. "माझा बाप लंगडा होता. पावलं त्याची होती. तुम्ही धडक्या पायांनी मोजलीत. खणा तिथं."

सेक्रेटरीने कपाळाला आठी घातली. "मावशी, मातीचं प्रमाणपत्र आहे आपल्याकडे."

"प्रमाणपत्र तिथल्या मातीचं आहे. पोरं इथल्या मातीत खेळतात."

"हळू बोला. बाहेर बोभाटा झाला तर ह्या घरांकडे कुणी फिरकणार नाही. आणि तुम्ही इथं कामाला आहात, हे विसरू नका."

"विसरले नाही. पोर सांभाळायला ठेवलंय ना मला? तेच करतेय."

तो पाठ फिरवून निघाला. बाकीचे मोबाइलमध्ये बघायला लागले. बघायचं नसलं की माणसं तिथं बघतात.

मावशीने पिटुकलीला खाली ठेवलं. खुंटीवरची सळई काढली. आणि माझ्यावर, बरोबर मध्ये, ठोका घातला.

कित्येक वर्षांनी माझा आवाज मी ऐकला. काचा थरथरल्या. दाराशी बसलेला ढोलवाला, केस पिकलेले, कमरेत वाकलेला, हातातली विडी त्याने बुटाखाली चुरगळली. त्याने नाही, त्याच्या पायाने. दुसरा ठोका पडला आणि तो ताडकन उठून ओरडला, "बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!" तिसरा पडला आणि त्याचे ओठ आपोआप हलायला लागले. "एक, दोन, तीन..."

दहाव्याला त्याचा आवाज फुटला. तो मावशीसमोर येऊन उभा राहिला.

"पोरी, मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी होतो तिथं. जागा दिसत होती मला. नोकरीपायी तोंड शिवून बसलो."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. "माझ्या बापाला त्यांनी खोटारडा म्हटलं, तेव्हा तू शेजारी उभा होतास, काका."

"होतो."

"थू तुझ्या," ती म्हणाली. तेवढं पुरलं. म्हातारा रडायला लागला.

पिटुकलीची आई खाली बसली. लेकीचा मोजा काढून तळपाय बघितला, वास घेतला. मग पोरीचं प्लास्टिकचं फावडं उचलून बाहेर गेली आणि चांगल्या कपड्यांनिशी वाळूत गुडघे टेकून खणायला लागली. मागून ढोलवाला गेला. हातभर खोल गेल्यावर वाळू ओली लागली. मग राख. मग निळंहिरवं काहीतरी, लिबलिबीत, त्यात केस. इतकी वर्षं झाली, केस तसेच.

वास उघड्या दारातून दालनात आला. छताचं यंत्र फुस्स करून थकलं. लोक नाकाला रुमाल लावून मागं सरकले. तेच रुमाल, तेच सरकणं. पायांत बूटही तसेच.

सेक्रेटरी रुमालातून बोलला, "ठीक आहे, ठीक आहे. वरून सिमेंट ओतू, हिरवी जाजमं टाकू. काही दिसणार नाही. कुणी कुठं बोलू नका."

"आणि पोरांना काय सांगायचं?" पिटुकलीच्या आईने विचारलं.

"काही सांगायचं नाही."

इथं मला काय वाटलं ते सांगतो, कारण ह्यासाठीच मी एवढं बोललो. लोक समजतात झाकण म्हणजे लपवणं. चूक. लपवायचं असेल तर माती लोटतात, हिरवळ पेरतात, पाटी लावतात. झाकण उघड्यावर बसतं आणि सांगतं, बाबांनो, माझ्याखाली काहीतरी आहे, जपून. मी जन्मभर घाण झाकली, पण ती नाही असं एकदाही म्हटलं नाही.

मावशीला हे माझ्याआधी कळलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याला खाली घ्या."

उचलायला चौघं लागतात, पण गोल वस्तू तिघांत ढकलता येते. मावशी, पिटुकलीची आई आणि ढोलवाला. घोडीवरून मला कलता केला तेव्हा फरशी तडकली. सेक्रेटरी ओरडत होता, "अहो, तो वारसा आहे!" बाळगाड्यांसाठी केलेल्या उतारावरून मी गडगडत खाली आलो, हिरवळीत खोल चाकोरी पाडत. भरदिवसा. गॅलऱ्यांमधून शंभर माणसं बघत होती, नाकं धरून. एकही खाली आला नाही. हौदात, खणलेल्या जागेवर मला त्यांनी आडवा केला. मावशीने पदराने माझी कड पुसली.

"बस गड्या," ती म्हणाली. "दाबून बस."

आता मी इथं आहे. सिमेंटची गाडी दोनदा आली. दोन्ही वेळा मावशी माझ्यावर मांडी घालून बसली आणि गाडी परत गेली. तिचं काम सुटलंय, तरी रोज येते. ढोलवाल्यानेही नोकरी सोडली. तो लांब बसतो, ती अजून त्याच्याशी बोलत नाही. तपासणीच्या साहेबाला पिटुकलीच्या आईने पुन्हा अर्ज केलाय. ह्या वेळी अंतर फुटांत लिहिलंय. अजून कुणी आलेलं नाही. गॅलऱ्यांच्या खिडक्या बंद असतात.

तुम्ही कधी ह्या बाजूला आलात तर माझा फोटो काढू नका. सुंदर म्हणू नका. एक करा: जिथं राहता, जिथं पोरं खेळतात, तिथं खाली काय आहे ते विचारा, आणि कुणाच्या पावलांनी मोजलं तेही विचारा. आणि साहेब एकदा आले, यंत्र लागलं, मला उचलायची वेळ झाली, तर आधी सळईने तीन ठोके घाला. मग बाजूला होऊन शंभर मोजा. पुरे शंभर. त्या सुरीवाल्यासाठी.